गेमबंदीची पेटी

प्रवीणच्या नव्या कारची मागची काच फुटली आणि भिलाईत रुआबांध्याच्या त्या ब्लॉकमधल्या सगळ्यांना एकदम बालमानसशास्त्र समजायला लागलं. काच फुटली भर दुपारी, मोठी माणसं कूलरसमोर घोरत पडलेली असताना. काही पाहिलं असं कोणी सांगत नव्हतं, आणि पाहिलं नसल्यामुळे प्रत्येकाला पक्की खात्री होती. कार नेहमीप्रमाणे आंब्याखाली उभी होती. मागच्या सीटवर काचेचा चुरा, एक दगड आणि दोन कैऱ्या सापडल्या. दगड पुरावा म्हणून जपून ठेवला. कैऱ्या राधाबाईंनी चटणीला नेल्या.

संध्याकाळी जिन्यासमोरच्या ओट्यावर सभा भरली. अध्यक्षपद कोणी न देताच दौलतरावांकडे आलं. दौलतराव स्टील प्लांटच्या रेल मिलमधून रिटायर झालेले, आणि नोकरीची शेवटची बरीच वर्षं ते खात्याचे सेफ्टीवाले होते. कोणाचं बोट चेपलं, कोणाचा पाय घसरला की दौलतराव हेल्मेट चढवून हजर. मग ते पाच वेळा 'कावून', म्हणजे का, असं विचारत. एका उत्तरावर दुसरा कावून, त्यावर तिसरा, असं करत पाचव्याला अपघाताचं मूळ सापडतं, अशी ती पद्धत. मिलमधून ते रिटायर झाले, पद्धत मात्र घरी घेऊन आले. वरणात मीठ जास्त पडलं तरी बायकोला, राधाबाईंना, पाच कावून सोसावे लागत.

"काच कावून फुटली?" दौलतरावांनी ओट्यावर उभं राहून सुरुवात केली. "दगड लागला म्हनून. दगड कावून लागला? पोट्ट्यानं मारला म्हनून. पोट्ट्यानं कावून मारला? डोक्यात राग होता म्हनून. राग कावून आला? रोज संध्याकाळी मोबाइलवर धाडधाड गोळ्या मारून रायले म्हनून. झालं! चार कावूनमध्येच सापडलं."

"पन पोट्ट्यानंच मारला, हे कावून?" वरच्या खिडकीतून राधाबाईंचा आवाज आला.

पाचवा कावून बाईमाणसानं विचारायचा, तोही खिडकीतून, अशी पद्धत प्लांटमध्ये नव्हती. दौलतरावांनी तो कामकाजात घेतला नाही.

मग चर्चा झाली. म्हणजे सगळे एकाच वेळी बोलले. नूतन मॅडम एका खासगी शाळेत शिकवत आणि अर्धा तास मोबाइल पाहून कोणत्याही विषयावर दीड तास बोलत. त्यांनी सांगितलं की गेम खेळताना पोरांच्या मेंदूत डोपामिन तयार होतं, आणि हे अमेरिकेत सिद्ध झालं आहे. गेम खेळल्यानं पोरं हुशार होतात, हेही अमेरिकेतच सिद्ध झाल्याचं त्यांनी मागच्या महिन्यात ह्याच ओट्यावर सांगितलं होतं, पण तेव्हा कोणाची काच फुटली नव्हती.

खालच्या मजल्यावरचे शालिकराम रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. त्यांना डोपामिन वगैरे मान्य नव्हतं. "मार कमी पडून रायला पोट्ट्याईले," ते म्हणाले. "आमाले बापानं पट्ट्यानं सोलून काढलं. आमी झालो काय हिंसक?" आणि हे नीट पटावं म्हणून त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या नातवाच्या, सुमेधच्या, डोक्यात एक टपली हाणली.

"बरोबर आहे काका," प्रवीण म्हणाला. "आजपासून गेम बंद म्हणजे बंद. माझ्या पोराच्या हातात गेम दिसला ना, तर हात तोडून ठेवीन."

अहिंसेवर सगळ्यांचं असं एकमत झालं.

आता दौलतरावांच्या घरातच एक अडचण होती. तिचं नाव टीना, वय नऊ, आणि ती त्यांची नात. मुलगा अभिनव ओमानच्या एका स्टील प्लांटमध्ये, सून मोना दुर्गच्या दवाखान्यात नर्स, तिची ड्यूटी संध्याकाळची. टीना शांत पोरगी. दोन वेण्या, अक्षर सुरेख, ताटात अन्न टाकत नाही. आणि रोज रात्री आठ वाजता आजोबांचा मोबाइल घेऊन ती बंदूक चालवायची. तिकडे अभिनवची ड्यूटी सुटलेली असायची. बापलेक कानाला इअरफोन लावून एकाच टोळीत लढायचे.

व्हिडिओ कॉलवर त्या दोघांचं काही जमत नसे. जेवली? हो. अभ्यास? सुट्टी आहे. बरं. की संपलं. अभिनव लहानपणापासूनच तोंडाचा बंद. पण गेममध्ये तोच अभिनव तासभर बोलायचा. टीना, डावीकडे बघ. टीना, मी आहे मागे, घाबरू नको. टीनाही त्याला मधल्या मधल्या वेळात शाळेतलं, मैत्रिणींचं, दात पडल्याचं सगळं सांगून टाकायची. राधाबाई शेजारी भाजी निवडत बसायच्या आणि मुलाची खबर त्यांनाही त्यातूनच मिळायची.

दौलतरावांनी सभेनंतर लगेच 'साइट'ची पाहणी केली. टीनाच्या खांद्यावरून त्यांनी पाहिलं तर एक माणूस गुडघ्यावर सरपटत होता.

"हा कोन मेला?"

"पप्पा आहेत ना, आबा. मेले नाही, नॉक झाले. अभी जाके उठाना पडेगा."

"तिकडं त गोळ्या चालून रायल्या."

"हां, तरी जायचं. आपल्या माणसाले सोडून नाही जात," टीना म्हणाली, आणि पडद्यावरची बंदूक बाजूला ठेवून सरपटणाऱ्या बापाजवळ जाऊन बसली.

दौलतरावांनी एवढंच लक्षात ठेवलं की गोळ्या चालून राहिल्या होत्या.

उपाय त्यांना मिलमध्येच सापडला. मशीन बंद करून माणूस आत दुरुस्तीला उतरतो तेव्हा बाहेरच्या स्विचला तो आपलं कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. चार माणसं आत, तर चार कुलपं. चारही निघाल्याशिवाय मशीन चालू होत नाही. आणि दुसऱ्याच्या कुलपाला हात लावणं हे प्लांटमधलं सगळ्यात मोठं पाप. दुसऱ्याचं कुलूप तोडणारा माणूस खुनी समजावा, असं दौलतराव प्रत्येक नव्या पोराला सांगत आले होते. तेव्हा ब्लॉकसाठी एक लोखंडी पेटी करायची. पोरं ज्या मोबाइलवर खेळतात ते सगळे संध्याकाळी सातला पेटीत. पोरं असलेली घरं चार, म्हणून कुलपं चार. नऊ वाजता चौघांनी येऊन आपापलं कुलूप काढायचं. एकट्याचं मन विरघळलं तरी पेटी उघडणार नाही.

"आबा, पण आठ वाजता पप्पा येतात," टीना म्हणाली.

"पप्पाले सांग, सेफ्टीचा नियम सगळ्याले सारखा. आपल्या घरापासून सुरुवात करा लागते."

"घरापासून करा लागते त घरच्याले विचारा बी लागते," राधाबाई म्हणाल्या. हाही मुद्दा कामकाजात आला नाही. अभिनवनं मात्र काही कुरकुर केली नाही. मेसमधलं जेवण मागे ढकललं आणि टीनाला कळवलं की नऊ तर नऊ.

पेटी करायला दौलतराव खुर्सीपारला हेमराज वेल्डरकडे गेले. हेमराज खिडक्यांच्या जाळ्या करायचा आणि त्याला काम मोठं करून घ्यायची कला होती.

"एमा का रखबे कका?" त्यानं छत्तीसगढीत विचारलं, आत काय ठेवणार म्हणून.

"मोबाइल."

"चोरी होवत हे का?"

"चोरी नाही. बच्चे लोग गेम खेलते हैं."

हेमराजनं गंभीरपणे मान हलवली आणि पातळ पत्रा बाजूला सारून जाड प्लेट काढली. "तब तो मजबूत लागही. बंदूक के गोली घलो नइ छेदही," म्हणजे बंदुकीची गोळीही आरपार जाणार नाही, असं म्हणत त्यानं टकटक वाजवून दाखवलं. मोबाइलवरच्या गोळ्या बाहेर येत नाहीत हे दोघांपैकी कोणालाच सुचलं नाही. फोन वाजला तर ऐकू यावा म्हणून झाकणाला फटी ठेवल्या. पेटी तयार झाली तेव्हा ती उचलायला चार माणसं लागली.

ती जिन्याखाली बसवायची तर क्वार्टर प्लांटच्या कंपनीचं. दौलतरावांसारखा नियमाचा माणूस परवानगीशिवाय खिळाही ठोकत नसे. ते टाउनशिपच्या एका ऑफिसात अर्ज घेऊन गेले. टेबलामागचा बाबू मोबाइलवर रंगीत गोट्या फोडत होता. त्यानं मान वर न करता विचारलं की पेटीत स्फोटक आहे काय. नाही म्हटल्यावर त्यानं विचारलं की मग लोखंड एवढं जाड का. दौलतरावांनी त्याला बालकांमधली वाढती हिंसा समजावून सांगितली. बाबूनं एक गोटी फोडली, "अरे मर ना साले" म्हणाला, आणि अर्ज फायरवाल्यांकडे नेऊन मत आणायला सांगितलं. फायरवाल्यांनी इलेक्ट्रिकलकडे पाठवलं. इलेक्ट्रिकलनं विचारलं, की पेटीत वायर नाही तर आमच्याकडे का आलात. तीन ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्यावर कोणा दयाळू चपराशानं कानात सांगितलं की जमिनीत बसवली तर बांधकाम, चाकं लावली तर सामान, सामानाला परवानगी लागत नाही. म्हणून पेटी पुन्हा खुर्सीपारला गेली आणि चार चाकं लावून आली. हेमराजनं चाकं अशी काही मऊ फिरणारी लावली होती, की पेटी बोटानं ढकलली तरी धावायची. म्हणून चाकाखाली विटा घालायला लागल्या.

उद्घाटनाला नारळ फोडला. कोणी फोडायचा यावरून प्रवीण आणि शालिकराम यांच्यात थोडी ओढाताण झाली आणि नारळ नूतन मॅडमच्या पायावर पडला. दौलतरावांनी छातीवर जुना सेफ्टीचा बिल्ला लावून भाषण केलं. आपल्या ब्लॉकचा आदर्श उद्या सगळं भिलाई घेईल, असं ते म्हणाले. चार घरांचे चार फोन आत गेले, चार कुलपं खटाखट लागली आणि पोरं ओट्यावर बसून एकमेकांची तोंडं पाहू लागली.

पहिल्या दोन संध्याकाळी हाहाकार झाला, पण पोरांचा नाही. पोरं आंब्याखाली विटी-दांडू खेळायला लागली. हाहाकार मोठ्यांचा. प्रवीणला बँकेचा ओटीपी यायचा तो पेटीत यायचा. नूतन मॅडमच्या बहिणीनं फोन उचलत नाही म्हणून दुर्गहून भावाला पाठवलं. शालिकरामांना रोज आठ वाजता कोणत्या तरी महाराजांचं प्रवचन ऐकायची सवय होती. ते पेटीच्या फटीला कान लावून बसले आणि दुसऱ्याच कोणाच्या फोनमधलं कर्जाच्या कंपनीचं बोलणं ऐकून आले.

तिसऱ्या दिवसापासून मात्र सगळं शांत. कोणी ओटीपी म्हणेना, कोणी कुरकुरेना. सातला सगळे निमूटपणे फोन आणून टाकायचे. नऊ वाजता कोणाला घाई नसायची, जांभया देत यायचे. घाईत फक्त टीना. ती पावणेनऊपासून पेटीजवळ उभी असायची आणि फोन हातात पडताच जिना चढायची.

"पाहा," दौलतराव राधाबाईंना म्हणाले, "लोक कसे सुधरले. मोबाइलचा मोहच सुटला."

"सुटला का लपला, ते पाहा," राधाबाई म्हणाल्या आणि चुलीवरचं दूध पाहायला गेल्या. गॅसला चूल म्हणायची त्यांची सवय अजून गेली नव्हती.

शनिवारी ठिणगी पडली. नऊ वाजता चौघं पेटीपाशी जमले असताना प्रवीण सहज बोलल्यासारखा बोलला, "शालिककाका, सुमेधनं एकदा कबूल करून टाकावं. लहान आहे, मी काही म्हणणार नाही."

"काय कबूल कराचं?"

"काच. त्या गेममध्ये सगळ्यात नेम त्याचाच आहे म्हणतात पोरं."

शालिकरामांचा चेहरा सिग्नलसारखा लाल झाला. "माह्या नातवाले गुंडा म्हनतं? हात जोडून माफी माग, तवा कुलूप काढतो." आणि त्यांनी किल्ली घेतली आणि कमरेच्या करगोट्याला बांधून टाकली. तिथे हात घालायची हिंमत ब्लॉकमध्ये कोणाची नव्हती.

"माफी? माझी चप्पल मागेल माफी," प्रवीण म्हणाला, आणि दोघंही आपापल्या घरात जाऊन दार आपटून मोकळे झाले. पेटीवर तीन कुलपं उघडी आणि शालिकरामांचं एक बंद राहिलं.

घरी आल्यावर टीनानं फक्त एवढं विचारलं, "आबा, उद्या खुलेल ना? सोमवारपासून पप्पाचं शटडाऊन आहे."

शटडाऊन म्हणजे काय हे दौलतरावांना कोणी सांगायला नको होतं. प्लांट महिनाभर बंद करून दुरुस्ती काढायची, बारा बारा तास उभं राहायचं, खोलीवर आलं की बूट न काढताच झोपायचं. त्या महिन्यात दौलतरावांनी कधी घरच्यांशी चार शब्द बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं. अभिनव लहान असताना शटडाऊन सुरू झालं की दाराशी बसून राहायचा, हेही राधाबाईंनी त्यांना बरेचदा सांगितलं होतं. रविवार हा टीनाचा बापाशी खेळायचा शेवटचा दिवस होता, आणि तो शालिकरामांच्या करगोट्याला बांधलेला होता.

रविवारी सकाळपासून दौलतराव मध्यस्थीला निघाले. शालिकराम म्हणाले, आधी माफी. प्रवीण म्हणाला, आधी कबुली. नूतन मॅडम म्हणाल्या, दोघांनी डोळे मिटून दहा वेळा खोल श्वास घ्यावा, मला स्वतःला काही घाई नाही. प्रवीणलाही घाई नव्हती. शालिकरामांना तर नव्हतीच. रात्रभर फोन अडकून पडले आहेत आणि ह्या माणसांना त्याचं काही नाही, ह्या वैराग्यानं दौलतराव भारावून गेले. त्यांचा स्वतःचा फोन त्यात होता, म्हणजे टीनाचा होता, आणि टीना ऊन उतरल्यापासून जाऊन पेटीवर बसली होती.

"फोडून टाका ना ते कुलूप," राधाबाई म्हणाल्या.

"दुसऱ्याचं कुलूप? अवं, दुसऱ्याच्या कुलपाले हात लावनं म्हनजे..." दौलतराव म्हणाले. जन्मभर शिकवलेला एक नियम आणि पेटीवर बसलेली एक पोरगी, यात त्यांना दिवसभर काही ठरवता आलं नाही.

काल भेट न झाल्यामुळे की काय, आठ वाजता अभिनवची ड्यूटी सुटल्यासुटल्याच पेटीत एकदा भोंगा वाजला. दौलतरावांनी आपल्या फोनला प्लांटचा भोंगा लावून ठेवला होता, आणि लोखंडी पेटीतून तो असा काही घुमला की सगळा ब्लॉक बाहेर आला. भोंगा थांबला. नवाच्या सुमारास पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा टीनानं झाकणाच्या फटीला तोंड लावलं आणि हळूच म्हणाली, "पप्पा, मी इथंच आहे. जाऊ नका."

दौलतराव घरात गेले आणि हातोडा घेऊन आले.

"शालिक, काढ कुलूप."

"माफी."

"शेवटचं सांगून रायलो."

"माह्या कुलपाले हात लावशीन त याद राख, दौलत! तूच सांगतं ना, खुनी असते म्हनून?"

हातोडा वर उचलला गेला आणि तेवढ्यात वरच्या खिडकीतून राधाबाई बोलल्या, अगदी घरगुती आवाजात. "शालिकभाऊजी, ती काच तुमीच फोडली नं. त्या दिवशी दुपारी बनियनवर उभे राहून कैऱ्या पाडून रायले होते दगडानं. मी पायलं."

सगळ्या माना शालिकरामांकडे वळल्या.

"मंग आतापावतर बोलली कावून नाही?" दौलतराव ओरडले.

"मले कोनी विचारलं? तुमी त पोट्ट्याईलेच विचारून रायले होते."

प्रवीण शालिकरामांवर धावला. "साल्या म्हाताऱ्या, माझ्या पोरावर मी पट्टा ओढला तुझ्यापायी!" शालिकरामांनी पायातली वहाण काढली. दौलतरावांनी हातोडा हाणला तो कुलपावर न बसता कोपऱ्यावर बसला, चाकाखालची वीट उडाली आणि पेटी निघाली. हेमराजनं चाकं खरंच फार मऊ लावली होती. जिन्यापासून आंब्याकडे जाणाऱ्या उतारावरून ती भोंगा वाजवत निघाली, मागे हातोडा घेतलेले दौलतराव, "धरा! धरा!" ओरडणाऱ्या नूतन मॅडम, आणि त्यांच्या मागे एकमेकांची गचांडी न सोडता धावणारे प्रवीण आणि शालिकराम. पेटी सरळ आंब्याखाली गेली आणि प्रवीणच्या कारच्या पुढच्या दिव्यावर जाऊन आदळली. दिवा फुटला. कडी तुटली. झाकण उघडून आतलं सगळं जमिनीवर सांडलं.

सगळे वाकून पाहू लागले. प्रवीणच्या घरून आलेला होता एक जुना हँडसेट, बॅटरी फुगून पोट आलेला. नूतन मॅडमच्या घरून आलेला, फोनच्या कव्हरात घालून, एक कॅल्क्युलेटर. आणि शालिकरामांच्या घरून आलेला टीव्हीचा रिमोट, तोही मागचं झाकण नसलेला. या रिमोटसाठी शालिकरामांनी किल्ली करगोट्याला बांधली होती. चौथा फोन तेवढा खरा होता आणि तो वाजत होता.

"बेईमान!" दौलतराव गरजले. "सारे बेईमान! माह्या नातीचा फोन कोंडून ठेवला, आन सोता रिमोट टाकला?" आणि जन्मात ज्यानं कोणाचं बोट चेपू दिलं नाही त्या माणसानं शालिकरामांच्या कानाखाली एक ठेवून दिली. शालिकरामांनी वहाण चालवली. प्रवीणनं दोघांना एकदमच धरलं. नूतन मॅडम "माइंड युवर लँग्वेज!" असं ओरडत होत्या आणि मधूनच कोणाला तरी कॅल्क्युलेटरनं हाणत होत्या. ज्या शिव्या सुरू होत्या त्यांतल्या अर्ध्या पोरांनी कोणत्याही गेममध्ये ऐकल्या नव्हत्या. पोरं ओट्यावर रांगेत उभी राहून शांतपणे पाहत होती. सुमेधनं प्रवीणच्या पोराच्या खांद्यावर हात टाकला होता.

टीनानं पुढे होऊन फोन उचलला.

"टीना? किती वेळ झाला, बेटा," अभिनव म्हणाला. मग त्याला मागचा आरडाओरडा ऐकू आला. "हे काय चाललं आहे? कोणता गेम लावला? केवढ्या शिव्या आहेत. बंद कर तो, असले गेम चांगले नसतात."

"गेम नाही, पप्पा," टीना म्हणाली. "आबा आहेत."

"आबा?"

"आणि शालिकआजोबा पण आहेत," तिनं खरं ते सगळं सांगितलं. "प्रवीण अंकल पण."

"आबा ठीक आहेत?"

टीनानं पाहिलं. दौलतराव आंब्याच्या बुंध्याशी मातीत बसले होते, एक चप्पल गायब, बिल्ला शर्टावर उलटा लोंबत. "नॉक झाले," ती म्हणाली.

"मग?"

"उठवते ना. थांबा."

तिनं फोन सुमेधच्या हातात दिला आणि चपला उडत होत्या तिथून वाकून, नीट डावी-उजवी पाहत, ती आजोबांपाशी गेली. हात पुढे केला. दौलतरावांनी तो धरला, कारण दुसरं धरण्यासारखं काही जवळ नव्हतं.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर दम लागून ते थांबले. टीना त्यांच्याकडे पाहत होती, रागानं नाही, नुसतंच.

"आबा, तुमी कावून मारून रायले होते?"

एवढ्या वर्षांत दौलतरावांनी हा प्रश्न सगळ्या मिलला विचारला होता. चेपल्या बोटांना, घसरल्या पायांना, वरणातल्या मिठाला. त्यांना स्वतःला तो आज पहिल्यांदा कोणी विचारला, आणि पाच तर लांबच राहिले, पहिल्याच कावूनला ते पायरीवर खाली बसले. त्यांना फार लाज वाटली.

"पप्पा थांबले आहेत," ते शेवटी म्हणाले. "तू खेळ. मी बसतो इथं."

सुमेधनं फोन आणून दिला. टीना पायरीवर बसली, तिनं इअरफोन शोधला, तो पेटीच्या चाकाखाली चिरडला होता, म्हणून तिनं तसाच आवाज सुरू केला. बापाचा आवाज आला, टीना, डावीकडे बघ. मग गोळीबार सुरू झाला. खाली आंब्याखाली जे चाललं होतं त्याच्यापुढे तो अगदी हळू ऐकू येत होता.